लागलेले आणि राहिलेले

महाडच्या एसटी स्टँडवर रायगडाकडे जाणारी गाडी लागली आहे. चढा, आणि मधल्या बाकावर बसा. पुढच्या बाकावर दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघांच्याही मांडीवर पाठपिशव्या. वय बावीस-चोवीस. त्यांच्या बोलण्याकडे कान द्या, कारण आज तुम्हाला त्या बोलण्याचा माग काढत खूप मागे जायचं आहे.

"तुझं सोळाशे किती येतंय?"

"पाच पंचवीस."

"मग वीस नाही पडत. पाच दहाच्या आत आण."

ही पोलीस भरतीची भाषा. सोळाशे म्हणजे 1600 मीटर धावणं. मुलांनी ते पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारलं की 20 पैकी 20 गुण. शंभर मीटर आणि गोळाफेक धरून मैदानाचे 50 गुण, त्यात टिकलं तर 100 गुणांची लेखी. 'ग्राउंड निघालं, लेखीत गेलो' हे वाक्य या तालुक्यातल्या कितीतरी ओट्यांनी ऐकलं आहे. मुलगी राज्यसेवेची तयारी करते. तिची बोली वेगळी: प्री निघाली, मेन्स हुकली, कटऑफ वर गेला, पोस्ट निघाली नाही. पुण्याला अभ्यासिकेत होती, आता घरी आली आहे.

"रूमवरच्या तिघी लागल्या," ती म्हणते. "मी राहिले."

गाडी सुटते. ते दोन शब्द धरून ठेवा. लागला आणि राहिला. लागलेल्याचं ठिकाण सांगितलं जातं: तलाठी लागला, एसटीत लागला, बँकेत लागली. राहिलेला मात्र नुसता राहतो. तो कुठे राहिला, तिथे आता काय करतो, हे पुढे कुणी विचारत नाही.

बाकीचे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. दांडी गुल झाली, गचका खाल्ला, आपटला, उडाला, भोपळा मिळाला. पाचव्यांदा परीक्षेला बसणाऱ्याला घरचेच 'शिंगं मोडून वासरांत शिरलाय' म्हणतात, आणि तो निघाला की तीच माणसं 'एकदाचं घोडं गंगेत न्हालं' म्हणत पेढे वाटतात. नाही निघाला तर ये रे माझ्या मागल्या. ही बोली रोजची आहे, आणि ती लागते. जेवायला बसलेल्या पोराचा घास अडकतो इतकी लागते.

या सगळ्या बोलण्यात रस्ता एकाच दिशेने जातो. पुढे. जो गेला तो गेला, उरलेल्यांनी पाठ बघायची. पण याच मातीत स्पर्धेची आणखी एक बोली होती आणि तिच्यात परत येण्यालाही गुण होते, असं माझं म्हणणं आहे. ती ऐकायची असेल तर नाते या गावी उतरा.

गाडी पुढे निघून जाते. विजेच्या तारा दिसेनाशा होतात, मग खांब, मग डांबर. पायाखाली धुळीची गाडीवाट उरते. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. रायगड हे नाव त्याला 1 जानेवारी 1981 ला मिळायचं आहे. साल 1896, संक्रांतीचे दिवस. भात कधीच घरात आलं आहे, खाचरं कोरडी पडली आहेत, आणि एका खाचरात पोरांनी पाट्या आखल्या आहेत.

आट्यापाट्या. तुमच्या तुकडीतला एकजण तुम्हाला हाताला धरून ओढतो, नाव-गाव विचारत नाही. समोर आडव्या पाट्या एकामागे एक, प्रत्येकीवर एक पोरगा हात पसरून उभा. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी, आणि मधून उभी कापत जाणारी सूरपाटी. पाटीवाल्याने पाटी सोडायची नाही आणि तुम्ही त्याच्या हाताला लागायचं नाही. तुम्ही डावीकडे हूल देता, तो हलत नाही. दुसऱ्यांदा हूल देता, त्याचा एक पाय सरकतो आणि तुम्ही उजवीकडून निसटता. पुढच्या पाटीवर मात्र तिथला पाटीवाला आणि सूरपाटीवाला मिळून तुम्हाला कोपऱ्यात कोंडतात. कोंडी झाली. छाती धपापते. मागून तुमचाच गडी ओरडत येतो, पाटीवाला त्याच्याकडे वळतो, आणि त्या क्षणात तुम्ही फुटून बाहेर पडता.

शेवटची पाटी ओलांडून तुम्ही उड्या मारू लागता, तेव्हा सगळे तुमच्याकडे आश्चर्याने बघतात. अजून काय झालं आहे? अर्धंच तर झालं आहे! आता वळा. त्याच पाट्या, तेच पसरलेले हात, आणि वाटेत अजून कोंडीत अडकलेले तुमचे गडी. त्यांच्यातून परत पहिल्या पाटीबाहेर आलात की लोण झालं. पलीकडे पोचून तिथेच बसून राहिलेल्याच्या नावावर या खेळात काही जमा होत नाही.

हुतुतूतही हेच आहे. चढाई करून समोरच्या अंगणात कितीही गडी मारलेत तरी दम टिकवून मधल्या रेषेवर परत आलात तरच ते मेले, आणि मग तुमच्या बाजूचे बाद होऊन बसलेले गडी उठतात. तुमच्या परत येण्याने दुसरा जिवंत होतो. समोरची सगळी तुकडी बाद झाली की लोण चढला. रायगड जिल्ह्यात आजही गावोगाव कबड्डीचे संघ आहेत, आणि 'लोण चढवला' हे इथलं पोर खाण्यापिण्याच्या पैजेतसुद्धा म्हणतं.

याच गावात 14 जानेवारी 1896 ला देशमुखांच्या घरी मुलगा झाला. वडील द्वारकानाथ गणेश, व्यवसायाने वकील. आई भागीरथीबाई. मुलाचं नाव चिंतामण. गावाला आज ते चिंतामणराव म्हणून माहीत आहेत, देशाला सी. डी. देशमुख म्हणून. तुम्ही खाचरात आहात आणि तुम्हाला यातलं काही माहीत नाही.

सोळा वर्षं ओलांडा. 1912. मुलाचं लहानपण रोह्याला गेलं, शाळा मुंबईची, एल्फिन्स्टन हायस्कूल. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला आहे, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली आहे. पहिला म्हणजे किती मोठ्या मांडवातला पहिला, ते ध्यानात घ्या. या विद्यापीठाखाली तेव्हा सगळा मुंबई इलाखा, कराचीपासून धारवाडपर्यंतची पोरं. त्यातली बहुतेक मॅट्रिकलाच आदळायची. लोक त्याला मॅट्रिकच्या वाऱ्या म्हणत. दोन वाऱ्या झाल्या, तीन झाल्या, विठोबा काही पावला नाही. नॉनमॅट्रिक हीसुद्धा सांगण्याजोगी पात्रता होती, कारण त्यातून निदान तिथवर पोचल्याचं कळायचं.

पाठांतराच्या जोरावर त्या काळी बरेच पुढे गेले, घोकंपट्टी हा शब्द उगाच रूढ झाला नाही. पण या मुलाने 1915 मध्ये केंब्रिजला, जीझस कॉलेजात जाऊन घेतलं ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. 1917 मध्ये नॅचरल सायन्सेस ट्रायपॉसला पहिला वर्ग आणि वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक. संस्कृतात पहिल्या आलेल्या कोकणी मुलाने युद्धाच्या दिवसांत परमुलखात वनस्पतींचा अभ्यास करून दाखवला. इथे पोपटपंची कामाची नव्हती.

1918. तुम्ही लंडनला परीक्षेच्या बाकावर आहात. आयसीएसची स्पर्धा. युद्ध अजून चालू आहे. तुमच्या आजूबाजूला घरून चालत आलेली इंग्रज पोरं आहेत. तुम्ही सहा हजार मैलांहून लांबचा समुद्र ओलांडून आलात. ही परीक्षा हिंदुस्थानात घ्यावी म्हणून सुरुवातीची काँग्रेस वर्षानुवर्षं ठराव करत होती. ती अलाहाबादला सुरू झाली 1922 मध्ये. त्याआधी सत्येंद्रनाथ टागोर 1863 मध्ये निघाले, पहिले हिंदी. मग 1878 पासून वयाची अट खाली आणून 19 केली गेली, म्हणजे इथल्या मुलाने मिसरूड फुटायच्या आत घर सोडून लंडन गाठायचं. ती पुढे पुन्हा वाढवावी लागली. शर्यत सगळ्यांना खुली, फक्त सुरुवातीची रेघ दुसऱ्याच्या अंगणात आखलेली.

निकाल लागतो. पहिला: सी. डी. देशमुख. वय बावीस.

हा क्षण इथेच सोडून मी तुम्हाला आणखी लांब नेणार आहे, कारण तुम्ही ज्या बाकावर बसला आहात तो बाक मुळात लंडनचा नाही.

साल 1847, कँटन. मोती नदीच्या काठचं बंदर. इथल्या इंग्रज वकिलातीत थॉमस टेलर मेडोज नावाचा दुभाषा काम करतो. त्याने यंदा चीनवर एक पुस्तक काढलं आहे आणि त्यात मायदेशाला बजावलं आहे की हे राज्य एवढी शतकं टिकलं ते माणसं परीक्षेने निवडल्यामुळे, आपणही तसं करावं. सात वर्षांनी, 1854 मध्ये, इंग्लंडात नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल येतो. त्याच वर्षी मेकॉलेची समिती हिंदुस्थानातल्या सनदी जागा स्पर्धेने भराव्यात असं सुचवते, आणि 1855 ला पहिली खुली परीक्षा होते. त्या वादात चीनचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला. विरोधकांनी तर 'चिनी पद्धत' म्हणून नाकं मुरडली. राज्यसेवेची प्री देणारी आपली पोरगी ज्या वाटेवर उभी आहे, तिचा एक फाटा इथून निघतो.

मेडोजचं पुस्तक राहू द्या. कँटनचं परीक्षेचं आवार बघा. एकाला एक चिकटलेल्या हजारो कोठड्या, पुढून उघड्या. तुमच्या वाट्याला एक कोठडी येते. भिंतीच्या खाचांत सरकवायच्या दोन फळ्या: एक वर बसवली की मेज, एक खाली बसवली की बैठक, रात्री दोन्ही एका पातळीला आणल्या की अंथरूण. पाय पसरता येत नाहीत. जेवण आपलं आपण आणायचं. आत आलात की ती खेप संपेपर्यंत दार उघडत नाही, आणि अशा तीन खेपा. एवढ्या हजारांतून प्रांताचे निवडायचे ते शंभराच्या आत. दर तीन वर्षांनी हे चालतं. शेजारच्या कोठडीतल्या माणसाचे केस पांढरे झालेले असतात.

खालच्या पायरीची परीक्षाही इथे कँटनलाच, तीही तशीच निर्दय. जवळच्या एका खेड्यातला होंग श्यूचुआन नावाचा तरुण ती देऊन देऊन थकला. 1837 मध्ये पुन्हा नापास होऊन घरी गेला तो आजारी पडला, तापात त्याला दृष्टान्त झाले, आणि पुढे त्याने ताइपिंग बंड उभं केलं. 1864 पर्यंत चाललेल्या त्या युद्धात दोन कोटी माणसं मेली असा अंदाज आहे. त्याला कारणं पुष्कळ होती, एका नापासावर ते सगळं लादणं अन्यायाचं होईल. पण राहिलेल्याचं पुढे काय होतं हे कुणी विचारलं नाही तर त्याची किंमत राज्याला किती पडू शकते, हे त्या प्रांताने बघितलं आहे.

या मुलखाची स्पर्धेची बोली आजही धारदार आहे. कँटनी बोलणारा हाँगकाँगचा माणूस दुसऱ्याच्या मागे पडण्याला 'चप स्यू' म्हणतो: हार पदरात पडली. त्याची म्हण आहे, 'चप स्यू हाङ थाउ, छाम क्वो पाइ का'. पुढे जायची संधी हुकवणं हे घरदार उधळण्यापेक्षा वाईट. म्हणजे रांग लागली की आधी उभं राहायचं, कशाची ते मग बघू. शेवटून पहिला येणारा 'पाउ मेइ'. मागे टाकलेल्याला तिथेही धूळच खावी लागते, 'सेक छान'. आपण धूळ चारतो, ते खायला लावतात. बालवर्गाच्या मुलाखतीला तीन वर्षांच्या मुलांना तयार करून नेतात तिथले आईबाप, आणि वर म्हणतात, मूल सुरुवातीच्या रेघेवरच जिंकलं पाहिजे. हे वाचून आपण हसू शकत नाही. आपल्याकडे फॉर्मसाठी पहाटेपासून शाळेच्या दाराशी बसलेले बाप आहेत.

पण त्याच चिनी परंपरेत सून शानची गोष्टही आहे. सुंग काळातला हा गडी. गावातल्या एका मुलाबरोबर परीक्षेला गेला. यादी लागली, सून शानचं नाव सगळ्यांत शेवटी, आणि सोबतच्या मुलाचं नावच नाही. सून शान आधी घरी पोचला. मुलाच्या बापाने विचारलं, माझ्या पोराचं काय? सून शान म्हणाला, यादीतलं शेवटचं नाव सून शान, तुमच्या मुलाचं त्याच्या पलीकडे आहे. बस्स. नापास झाला, आपटला, राहिला, यातलं काही तो बोलला नाही. आपण शेवटून पहिले आहोत हेच त्याने पुढे केलं आणि त्याच्या आडोशाला दुसऱ्याची लाज झाकली. आजही तिकडे नापास झालेल्याचं नाव सून शानच्या पलीकडे गेलं असंच म्हणतात. मला हा माणूस यादीतल्या पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

चला, महाडला परत. 1914. तुमच्याबरोबर दासगावचा एक अकरा वर्षांचा मुलगा आहे, रामचंद्र बाबाजी मोरे. स्कॉलरशिपची परीक्षा त्याने मारली आहे. चिंतामण देशमुखांच्या मॅट्रिकला दोनच वर्षं झाली आहेत. नातं आणि दासगाव दोन्ही याच तालुक्यात. पोराची लायकी सरकारी कागदावर सिद्ध झाली आहे. महाडच्या इंग्रजी शाळेच्या पायरीवर तुम्ही त्याच्यासोबत उभे राहा. प्रवेश नाही. कारण मुलगा महार.

मुलाने हे गाऱ्हाणं वर्तमानपत्रापर्यंत पोचवलं. तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, पण बसायचं वर्गाबाहेर. बाहेर बसा त्याच्याशेजारी. आतून मास्तरांचा आवाज येतो, फळा तिरका दिसतो. आत कोण पहिला येतो, कोण शेवटचा, ही चर्चा तुमच्या कानावर पडते. तुम्ही त्यात धरलेलेच नाही. मागे पडायलासुद्धा आधी पाटीत घ्यावं लागतं.

देशमुखांच्या बुद्धीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण वकिलाच्या घरी जन्मलेल्या चिंतामणाला निदान पहिली पाटी मोकळी मिळाली, आणि मोऱ्यांना कपाळपाटीवरच कोंडलं. एकाच तालुक्यातल्या या दोन मुलांना शेजारी उभं केल्याशिवाय 'स्पर्धा' हा शब्द मी तरी वापरणार नाही.

याच तालुक्यात एक जुनी वाट होती, तीही बुजली होती. कोकणातले महार पलटणीत जात, तिथे लिहा-वाचायला शिकत, पेन्शन घेऊन गावी येत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त लष्करी. 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. पुढे सरकारने ही भरती बंद केली. वाट बुजली आणि एक अख्खा समाज, जो पुढे निघाला होता, ढकलून मागे टाकला गेला.

19 मार्च 1927. महाडात मांडव पडला आहे, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. हजारो माणसं आली आहेत. परिषद उभी करणाऱ्यांत तो वर्गाबाहेर बसलेला मुलगा आहे, आता चोवीस वर्षांचा. अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. तेही एल्फिन्स्टन हायस्कूलचेच, मॅट्रिक 1907. न्यूयॉर्कचं कोलंबिया आणि लंडन, दोन्हीकडच्या पदव्या घेऊन, बॅरिस्टर होऊन चार वर्षांपूर्वी परत आलेले. तुम्ही गर्दीत जमिनीवर बसा आणि ऐका. ते याच मुलखाची आठवण काढतात: पलटणीतल्या माणसांमुळे हा भाग एके काळी कसा पुढारलेला होता आणि ती भरती बंद झाल्यावर तो कसा खाली आला. मागे पडणं म्हणजे नशीब नव्हे आणि आळसही नव्हे, कुणीतरी केलेल्या गोष्टीचा तो परिणाम आहे, हे भर सभेत सांगणारा हिशोबी आवाज तुम्ही पहिल्यांदा ऐकता.

दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, सगळे उठतात आणि चवदार तळ्याकडे निघतात. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं 1924 ला, सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष होते. कागद तीन वर्षं तसाच पडून होता. बाबासाहेब पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. त्यांच्यामागून तुम्ही उतरता. पाणी पिऊन वर आल्यावर गावात लाठ्या निघाल्याची बातमी येते, मांडवात जेवत असलेल्यांना मारहाण होते. डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले आणि मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला हायकोर्टात जिंकायला 1937 उजाडावं लागलं.

कोलंबिया म्हणा, लंडन म्हणा, त्या शेवटच्या पाटीपलीकडे स्थिरावलेला कुणी बॅरिस्टर महाडच्या उन्हात का येईल? लोण घेऊन परतीची वाट धरलेला हा गडी होता. वाटेवरच्या प्रत्येक पाटीवाल्याने हात पसरले होते, हे मात्र विसरू नका.

आता दिल्लीला, जुलै 1956. नात्याचे चिंतामणराव तुमच्यासमोर लोकसभेत उभे आहेत. मधल्या काळात ते मध्य प्रांतात सनदी अधिकारी होते, 11 ऑगस्ट 1943 ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1944 ला ब्रेटन वुड्सला जाऊन आले, 1950 पासून अर्थमंत्री आहेत. 1952 च्या निवडणुकीत ते निवडून आले ते कुलाब्यातून. आपल्या गावाच्या जिल्ह्यातून. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचा बेत आहे. आधीच्या जानेवारीत मुंबईत गोळीबारात माणसं मेली आहेत. देशमुख राजीनामा देतात आणि सभागृहाला कारणं सांगतात. आयुष्यभर पहिल्या बाकावर बसलेला माणूस स्वतःहून मागच्या बाकावर जातो. त्याला कुणी हरवलेलं नाही, कुणी काढलेलं नाही.

मंत्रिपदाच्या शर्यतीची दिल्लीतली बोली तेव्हाही ठरलेली होती: पडला, गेला, संपला. ते संपले नाहीत. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद घेतलं, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1959 ला मॅगसेसे पुरस्कार. कालिदासाचं मेघदूत मराठीत आणणारेही तेच. मुंबईसह महाराष्ट्र झाला 1 मे 1960 ला.

आणि ऑगस्ट 1969. राष्ट्रपतिपदाची निवडणूक, मतमोजणी चालू आहे. तिघे मुख्य उमेदवार. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी, सी. डी. देशमुख. पहिल्या पसंतीची मतमूल्यं जाहीर होतात: गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769. कुणालाच बहुमत नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजायला घेतात. ती उघडायची तर मागचे उमेदवार बाद धरावे लागतात, आणि त्यात मॅट्रिकला पहिला, आयसीएसला पहिला आलेला हा त्र्याहत्तर वर्षांचा माणूस आहे. त्याच्या नावावरच्या मतपत्रिका उलटून दुसऱ्या दोघांत वाटल्या जातात. गिरी निवडून येतात.

तुम्ही नात्याला फोन करून ही बातमी सांगायला निघालात तर कोणता शब्द वापराल? पडले? राहिले? शब्द निवडायला तुम्हाला वेळ लागेल, आणि तो वेळ प्रत्येक घरातल्या प्रत्येक पोरासाठी घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. आठ-आठ तास अभ्यासिकेत बसून एका मार्काने हुकलेली मुलगी आपटलेली नसते. एका जागेमागे शेकड्याने अर्ज येतात तिथे बहुतेकांनी राहणं हे गणितच आहे, कुणाच्या अंगातला दोष नाही. तिच्यापाशी चार वर्षांचं वाचन असतं, राज्यघटना तोंडपाठ असते, तालुक्याच्या कचेरीत अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा हे तिला कळतं. ते सगळं पुढे कुणाच्या कामी येणार, हा प्रश्न तिला विचारा की. लागली का, हा प्रश्न तिला दिवसातून कितीतरी वेळा विचारून झाला आहे.

आणखी एक मुक्काम, या वर्षांतला. 20 मार्च, महाड. चवदार तळ्याच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नाही, राज्यभरातून माणसं आली आहेत. पुस्तकांच्या मांडणीसमोर एक नुकताच लागलेला फौजदार भेटतो, साध्या कपड्यांत. त्याच्या खांद्याला जड पिशवी आहे. समोरच्या मुलाला तो विचारतो, यंदा कितवा अटेंप्ट?

"तिसरा. दोनदा राहिलो."

"लेखीत?"

"गणितात जातंय."

पिशवीतून तो सुतळीने बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा काढतो. कोपरे मुडपलेले, समासात लाल पेनाने खुणा. "ह्या माझ्याही नाहीत," तो म्हणतो, "पोलादपूरच्या एका दादांनी दिल्या होत्या. ते निघाले नाहीत, पण गणित त्यांच्याइतकं कुणी समजावत नाही. नंबर देतो, फोन कर त्यांना. रविवारी शिकवतात." मुलगा वही उघडून तिथेच पहिलं उदाहरण वाचायला लागतो, आणि मागची गर्दी त्याला पुढे सरका, पुढे सरका म्हणत राहते.